उजव्या पंखापुढचा ब

माझी मापाची वही दुसऱ्या कुणी उघडली तर त्याला काही कळायचं नाही. छा. चौतीस, कं. तीस, बा. सहा, पु. ग. सात. चाळीस वर्षं ब्लाउज शिवले, त्यात छाती, कंबर, बाही, पुढचा गळा असं पूर्ण लिहीत बसले असते तर शिवलं कधी असतं? समोर बाई हात वर करून उभी असते, तिचा डाळीचा कुकर घरी गॅसवर असतो, तिला घाई, मला घाई. एक अक्षर, एक टिंब, एक आकडा, झालं. ही सवय हाताला लागली ती लागलीच. त्याच सवयीनं मी एका वहीत एक अक्षर लिहून ठेवलं आणि त्याच्या भरवशावर माझी मुलगी आकाशात जाणार होती. ते अक्षर म्हणजे ब.

आधी सगळं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ब्लाउज शिवणाऱ्या बाईचा आणि आकाशाचा काय संबंध.

आमचे हे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर होते. आम्ही दोघं साताऱ्याकडचे. विमानाचं वेड त्यांना कुठून लागलं ते मला विचारू नका, मी लग्न करून आले तेव्हा ते आधीच लागलेलं होतं. परदेशातून पोस्टानं नकाशे मागवले, डिक्शनरी घेऊन वाचले, आणि शिरवण्यात एका ओळखीच्या भाऊंचा अर्धा गाळा भाड्यानं घेऊन अकरा वर्षं रविवार-रविवार करून एक विमान बांधलं. दोन माणसांचं, एका इंजिनाचं. अंगाला लोखंडी नळ्या, पंखाला लाकडाच्या बरगड्या आणि वरून कापड. हो, कापडच. ते कापड मी शिवलं.

मी शिवणक्लासला कधी गेले नाही. आईचा एक जुना ब्लाउज होता, तो टाका-टाका उसवला, तुकडे जमिनीवर मांडले, कुठला तुकडा कुठे लागतो ते बघितलं आणि परत जोडला. तशीच शिकले. ह्यांनी पंखाचा सांगाडा दाखवला तेव्हा मी म्हटलं, हा तर उशीचा अभ्रा आहे, फक्त खोलीएवढा लांब. तसाच अभ्रा शिवायचा, पंखावर चढवायचा, मग गरम इस्त्री फिरवायची. इस्त्रीनं ते कापड आवळतं, ढोलासारखं ताणतं. मग लांब दाभणीनं मेणाचा दोरा वरून खाली, खालून वर काढून कापड प्रत्येक बरगडीला बांधायचं, दर टाक्याला गाठ. गोधडी घालते तसं, फक्त ही गोधडी उडते. वरून मग ते डोप नावाचं वासाचं औषध लावायचं. त्याचा वास माझ्या केसांना आठवडाभर यायचा. सानपाड्याला आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये बायका माझ्याकडे बघून बटण दाबायच्या आणि श्वास धरायच्या.

विमान घाटावर राहायचं, एका बागायतदाराच्या शेतातल्या धावपट्टीवर, पत्र्याच्या शेडमध्ये. हे महिन्या-दोन महिन्यांनी जायचे, उडवून यायचे. मी त्यात चारदा बसले. त्यातल्या दोन वेळा डोळे उघडे होते.

पण मग ह्यांची सत्तरी झाली. डॉक्टरांनी विमान उडवायला लागणाऱ्या हृदयाच्या कागदावर सही दिली नाही. आमची मुलगी ऐरोलीत राहते, तिथंच कॉम्प्युटरवर नोकरी करते, तिनं स्वतःच्या पगारातून विमान चालवायचं शिक्षण घेतलंय, परवाना आहे तिच्याकडे. सरकारी कागदपत्रं तिची ती बघते, त्यातलं मला कळत नाही. ती म्हणाली, पप्पा, मी उडवीन, पण वीस वर्षांचे सगळे पार्ट एकदा बदला. संक्रांत झाली आणि विमान पंख काढून टेम्पोनं शिरवण्याच्या गाळ्यात परत आलं, जिथं ते जन्मलं होतं.

विमान म्हातारं होतं म्हणजे काय काय होतं ते मला तेव्हा कळलं. पेट्रोलच्या रबरी नळ्या वरून गुळगुळीत, आणि कापून बघितल्या तर आतून भेगा. हल्ली पेट्रोलमध्ये जे काय मिसळतात त्यानं जुनं रबर फुगतं म्हणे. चाकांना झटका बसू नये म्हणून रबराच्या दोऱ्यांची जाड वळकटी असते, ती अशी ढिली झालेली की माझ्या जुन्या परकराचं इलॅस्टिक बरं. इंजिनाखालच्या रबराच्या गाद्या बसलेल्या. बोल्टांना गंज. माझा डावा गुडघा बदलायचा म्हणून डॉक्टरांनी कधीचं सांगून ठेवलंय. तो राहिला, विमानाचे सांधे आधी झाले.

काम चालायचं ते असं. हे गाळ्यात विमानाखाली पाठीवर झोपलेले, कपाळाला विजेरी. मी बाजूला स्टुलावर, मांडीवर वही. हे आतून ओरडणार, मी लिहिणार. पार्टाचं नाव, डा. म्हणजे डावा, उ. म्हणजे उजवा, आणि पुढे ब. बदलला. सोपं होतं. माझ्या डोक्यात दुसरा काही अर्थच नव्हता. चैत्रापर्यंत पानंच्या पानं भरली. अधूनमधून कुणी बाई ब्लाउज घ्यायला थेट गाळ्यातच यायची, विमानाकडे बघायची आणि विचारायची, काकू, आता तुमचं उलव्याला नव्या विमानतळावर उतरणार का? मी म्हणायचे, हो, तुझा फॉल-पिको झाला की लगेच.

पावसाच्या आधी नवीन कापड चढवणं भाग होतं, कारण दमट हवेत डोप पांढरं पडतं. मी घाई केली. घाईत एक चूक केली, तीही सांगून टाकते. पंखाच्या कापडात खालच्या अंगाला हात जाईल एवढ्या गोल खिडक्या ठेवतात, वर झाकण. आतली तार, कप्पी बघायला. पंखाच्या मागच्या कडेला टोकाशी एक हलती पट्टी असते, ती वर-खाली झाली की विमान कलतं, वळतं. बसणाऱ्याच्या हातातल्या दांड्यापासून त्या पट्टीपर्यंत पोलादी तार जाते आणि जिथं तार वळते तिथं कप्पी, विहिरीच्या रहाटाला असते तशी, पण बशीएवढीसुद्धा नाही, बिस्किटाएवढी. प्रत्येक पंखात एक. डाव्या पंखाची खिडकी मी बरोबर कप्पीसमोर आखली. उजव्या पंखाला तोच कागद उलटा करून ठेवायला हवा होता. मी सुलटाच ठेवला. नवीन शिकणाऱ्या पोरी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापतात ना, अगदी तसं. चाळीस वर्षांत मी ती चूक ब्लाउजात केली नाही, ती पंखात केली. खिडकी बरगडीच्या पलीकडे गेली. तिच्यातून तार दिसायची, कप्पी नाही.

हे म्हणाले, असू दे गं, तार दिसतेय ना.

मीही असू दिलं.

गणपती गेले. त्यानंतरच्या रविवारी मुलगी गाळ्यात येऊन वही घेऊन बसली, सगळी यादी कॉम्प्युटरवर चढवायला. हे इंजिनात डोकं घालून होते. तिनं चार पानं उलटली आणि विचारलं, "आई, हे सगळीकडे ब काय?"

"बदलली," मी म्हटलं.

"बघितली," हे इंजिनातून म्हणाले.

दोघं एकाच वेळी बोललो. मुलीनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्या पाठीकडे. ह्यांनी डोकं बाहेर काढलं.

"म्हणजे दोन्ही," ते म्हणाले. "बघितली तर बदलणारच ना."

पण तसं नव्हतं. मला एकदम आठवायला लागलं. ते आतून ओरडायचे, बघितली, चांगली आहे. कधी ओरडायचे, बदलली. मला स्टुलावर ऐकू यायचं ते पहिलं अक्षर. शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर चालू असायचा. मी ब लिहायचे आणि पुढच्या ओळीवर जायचे.

मुलगी शहाणी. तिनं पेन्सिल घेतली आणि ती एकेका ब वर बोट ठेवून विमानाभोवती फिरली. नळी नवीन, दिसतेय. बोल्ट नवीन, चमकतोय. गाद्या नव्या. डावी कप्पी, खिडकीतून बघितली, नवी. संध्याकाळपर्यंत यादी संपत आली. एकच ब उरला. कप्पी, उ., ब. मोबाइल काठीला बांधून खिडकीतून आत घातला, फोटो काढले. नवी तार दिसली, बरगडीचं लाकूड दिसलं, कप्पी नाही.

हे म्हणाले, डावी बदलली म्हणजे उजवीही बदलली. जोडीनं आणल्या होत्या, एक कोण बदलतं? खरं तर बोलणं बरोबर होतं. जोडी मीच खोक्यातून काढली होती, दोन कप्प्या, दोन कागदात. खोका रिकामा होता, तोही मीच रद्दीत दिला.

त्या दिवशी रिक्षानं सानपाड्याला परत येताना हे पुढे ड्रायव्हरशी बोलत होते आणि मुलगी माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, पप्पांनी आज मला दसऱ्याच्या टेम्पोची वेळ तीनदा विचारली."

मी म्हटलं, वय झालंय. ती म्हणाली, हो.

मला माहीत नव्हतं असं नाही. चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. दूध आणायला गेले आणि हरवल्यासारखे बागेत बसून राहिले, वॉचमननं आणून सोडलं. मला सांगितलं, जरा हवा खात होतो. मी मान्य केलं. घरात आम्ही दोघंच, मी नाही मान्य करायचं तर कुणी करायचं? पण चष्मा वेगळा आणि पंखातली कप्पी वेगळी.

तिथून पुढचे दिवस मला एका जागी बसवेना. धुतलेली भांडी परत धुतली. एका बाईच्या ब्लाउजला हुक पुढे लावायचे ते मागे लावले, तिनं घालून बघितल्यावर कळलं. भाजी निवडता निवडता उठायचे आणि खिडकीतून खाली बघायचे, कशासाठी ते मलाच माहीत नाही. मुलगी फोन करायची, काय करतेस, मी म्हणायचे, काही नाही, आणि दोघींना कळायचं काय ते. ती स्वतः वडलांना म्हणू शकत नव्हती की मला तुमच्या शब्दावर भरवसा नाही. ज्या माणसानं तिला पाना धरायला शिकवलं त्याला ती कशी म्हणणार? तिनं ऑफिसात सुट्टी टाकली होती. टेम्पो ठरला होता. दसऱ्याला सकाळी विमान घाटावर न्यायचं आणि रविवारी ती पहिली चक्कर एकटी मारणार.

मी ह्यांना तीनदा विचारलं. पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, बदलली गं बाई. तिसऱ्यांदा मी म्हटलं की उसवून बघू या, मी परत शिवून देते, तेव्हा ते चहाचा कप ठेवून उभे राहिले.

"तुझा माझ्या हातावर भरवसा उरला नाही का?"

ह्यांनी माझ्याशी कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. म्हणूनच मी कप उचलून आत गेले.

मी घर शोधलं. कप्पी बसवली नसेल तर ती कुठेतरी असणार, आणि सापडली नाही तर बसवलीय, असा माझा हिशोब. ह्यांच्या हत्यारांच्या पेट्या, माळा, गाळ्यातले डबे, बुटांचं कपाट, सगळं. भाऊंनी, म्हणजे गाळ्याच्या मालकांनी, मला खिळ्यांच्या डब्यात हात घालून बसलेलं बघितलं आणि विचारलं, वहिनी, काय हरवलाय? मी म्हटलं, बांगडी. ते बिचारे अर्धा तास माझ्याबरोबर बांगडी शोधत बसले. काही सापडलं नाही. मी स्वतःला सांगितलं, बसवलीय. चार तास बरं वाटलं.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळी हत्यारं पुसून, तेल लावून पूजेत मांडायची. त्यांचे पाने, हातोड्या, माझी कात्री, दाभण, शिवणयंत्र. त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही, त्यांचा आरामाचा दिवस. सकाळी घरी शिवणयंत्र पुसायला घेतलं. खण ओढला, बॉबिनी काढल्या, धूळ झटकली. खणाच्या पार मागे, बॉबिनींच्या खाली, एक कागदाची पुडी हाताला लागली. वरून वाटलं, बॉबिनच गुंडाळून ठेवलीय. जरा मोठी, पण आकार तसाच, भोक तसंच.

कप्पी होती. कोरी.

मी ती हातात घेऊन जमिनीवर बसले. त्यांनीच ठेवली असणार. बॉबिन समजून की जपून राहावी म्हणून, ते आता त्यांनाही सांगता यायचं नाही. आत ते नवीन सदरा घालून टिळा लावत होते, गुणगुणत होते. मी जाऊन दाखवू शकले असते. हे बघा. पण दाखवलं असतं तर मी त्यांना काय दाखवलं असतं, तुम्हीच सांगा. मी कप्पी पदराच्या टोकात बांधली आणि कात्री पिशवीत घातली.

गाळ्यात भाऊंनी झेंडूची माळ आणून ठेवली होती. पंख्याला, म्हणजे विमानाच्या नाकावरच्या पंख्याला, ह्यांनी ती घातली. पंख तेव्हा काढूनच ठेवले होते, उद्या टेम्पोत जायचे म्हणून, पाटांवर उताणे. एका फळीवर सगळी हत्यारं ओळीनं, माझी कात्री मधोमध, प्रत्येकावर हळद-कुंकू आणि एकेक फूल. आरती झाली, नारळ फोडला, मुलीनं पेढे वाटले. ह्यांचा चेहरा असा होता की मला वाटलं, जाऊ दे. खरंच वाटलं.

मग मुलीनं उजव्या पंखावर हात फिरवला, नुसता, जाता जाता. आणि मी फळीवरच्या कात्रीवरचं फूल बाजूला केलं.

"अहो," मी म्हटलं, "उजव्या पंखाची खिडकी माझी चुकलीय. उलटी कापलीय. उद्या विमान जायच्या आत मला ती उसवून नीट करायचीय."

"आज?" हे म्हणाले. "आज हत्याराला हात लावतात का कधी?"

"वहिनी, आज हत्यारांना पन सुट्टी हाय," भाऊ म्हणाले.

"माझी चूक आहे," मी म्हटलं, "हत्याराची नाही. हत्यार रागावणार नाही."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होते. मी वाट बघितली नाही. कात्रीला कुंकू होतं, ते पहिल्या टाक्याला लागलं. दोन बरगड्यांमधलं कापड मी खालच्या अंगानं उसवायला घेतलं. रंगाचा पापुद्रा आधी नखानं उचलायचा, मग दोरा दिसतो, मग एक टाका कापायचा, ओढायचा, पुढचा. उन्हाळ्यात मी एकेक गाठ आवळून मारली होती, आता माझीच गाठ मला सुटेना. मुलगी जवळ येऊन उभी राहिली, विजेरी धरून. टाके उलगडताना कापड फाटल्यासारखा आवाज येतो.

कापड बाजूला झालं. बरगडी, तार, कप्पी.

कप्पी जुनी होती. चहाच्या रंगाची, काठाचा एक टवका उडालेला आणि तिथून मधल्या भोकापर्यंत केसासारखी भेग. मुलीनं बोट घालून फिरवून बघितली. फिरेना. अडकलेली होती. नवी तार तिच्या अंगावरून घासत होती, आणि नुसतं विमान जोडताना दांडा हलवून बघितला होता तेवढ्यानं तारेवर चमकणारी रेघ उठली होती. आकाशात तासभर घासली असती तर काय झालं असतं ते मुलीला माहीत होतं, ह्यांना माहीत होतं. मी विचारलं नाही.

ह्यांनी वाकून जुन्या कप्पीवरून बोट फिरवलं.

"मी बसवलीय ती," ते म्हणाले. हळू म्हणाले. "मला दिसतंय ना. पाना फिरवलेला हाताला आठवतोय."

"ती डावीची आठवण असेल," मी म्हटलं.

मी पदराची गाठ सोडली आणि पुडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी कागद उघडला. कुठे मिळाली, विचारलं. बॉबिनच्या खणात, मी सांगितलं. कधी? सकाळी. त्यांनी मान हलवली. मी खिडकीची सबब का सांगितली ते त्यांना त्या क्षणी कळलं, आणि कळलेलं मला त्यांच्या कानामागं दिसलं, तिथं ते लाल होतात.

ते गाळ्याच्या दारात जाऊन उभे राहिले, पाठ आमच्याकडे. समोरून ट्रक जात होते, हार घातलेले. मुलगी त्यांच्याकडे निघाली, मी तिचा हात धरला. भाऊंनी उगाच पेढ्यांचा खोका बंद केला, परत उघडला.

मग हे परत आले आणि भाऊंना म्हणाले, टेम्पोवाल्याला फोन लावा, उद्या नको. मग मुलीला म्हणाले, "वही काढ. जेवढे ब आहेत तेवढे परत उघडायचे."

"पप्पा, बाकीचे मी बघितलेत," ती म्हणाली.

"तू वरून बघितलेस. आतून कोण बघणार? पाना तू धर. मी सांगतो." आणि थोडं थांबून, "मी चुकीचं सांगितलं तर आई आहे."

बस, एवढंच. पुढे त्या विषयावर आमच्या घरात बोलणं झालं नाही, आजवर नाही. डॉक्टरकडे मात्र ते स्वतः चला म्हणाले, गुडघ्याच्या नाही, डोक्याच्या.

काम परत सुरू झालं ते दसरा झाल्यावर, नव्या पद्धतीनं. ती पद्धत ह्यांनीच काढली. जुना पार्ट काढला की तो आधी माझ्या मांडीवर यायचा, तेलकट असो नाहीतर गंजका. तो हातात आल्याशिवाय मी वहीत लिहायचं नाही. आणि लिहायचं ते पूर्ण. बदलली. बघितली. माझ्या चांगल्या दोन साड्या त्यात गेल्या. इंजिनाच्या मागे एक छोटी रबरी नळी निघाली, तीही नुसतीच बघितलेली होती. मांडीवर घेऊन मी ती वाकवली तर मधोमध भेगाळली. मुलीनं माझ्याकडे बघितलं, मी लिहिलं. उजव्या पंखाची खिडकी मी बंद केली, नवी कापली, कागद उलटा करून, दोनदा बघून. ठिगळ दिसतं, रंग जरा उठून दिसतो. दिसू दे.

दिवाळी झाल्यावर विमान घाटावर गेलं. आम्ही सगळे गेलो, भाऊसुद्धा, सुनेनं दिलेला डबा घेऊन. सकाळचं ऊन होतं, गवत कापलेलं. मुलीनं विमानाभोवती चक्कर मारली, प्रत्येक पट्टी हातानं हलवली, उजवी दोनदा. मग आत बसली. हे तिला काहीतरी सांगायला गेले आणि न सांगताच मागे आले.

मला बघवेना. विमान पळायला लागलं तेव्हा मी शेडकडे तोंड करून उभी होते. आवाज बदलला, चाकांचा खडखडाट थांबला, तेव्हा वळले. वर गेली होती. ऊन पंखातून आरपार येत होतं आणि खालून एकेक बरगडी मोजता येत होती. मी ठिगळ शोधत होते. ती डावीकडे वळली. मग सरळ गेली, बरीच सरळ गेली, मला वाटलं, का वळत नाही. मग उजवीकडे वळली. माझी दाभणीची बोटं आपोआप टाके मोजत होती, पदरावर. हे बाजूला उभे राहून नुसते ऐकत होते, डोळे मिटून.

ती उतरली, दोनदा टुणकन उडून. इंजिन बंद केलं, टोपी काढली, केस चिकटलेले. भाऊ टाळ्या वाजवायला लागले. हे चालत गेले आणि पहिलं काय विचारलं असेल?

"उजवीकडे वळताना जड लागलं का?"

"नाही पप्पा. दोन्हीकडे सारखं."

त्यांनी मला हाक मारली. "लिही," म्हणाले.

मी पिशवीतून वही काढली, पेन झटकलं. काय लिहू, विचारलं.

"उडालं."

मी तारीख घातली, उडालं असं लिहिलं. मग त्यांनी न सांगता, माझ्या मनानं, पुढे आणखी एक शब्द लिहिला. उतरलं. सगळी अक्षरं.